हाक कुणाची आणि ओ कुणाची? : हॉर्मोन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर म्हणलं होतं की हॉर्मोन्सबद्दल मनात जे काय आहे ते लिहून पाठवा, तर पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं मिळून एवढं आलं की दोन रविवार नुसतं वाचण्यात गेले. बहुतेकांनी रिपोर्टचे फोटो पाठवलेत, एखाद्या आकड्याभोवती लाल पेनने गोल करून. सिंहगड रोडला मी २२ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतेय, तिथेही रोज हेच चालतं, माणूस खुर्चीत बसायच्या आधी मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "मॅडम, हा आकडा बघा ना." मला दरवेळी वाटतं की तो आकडा म्हणजे शरीरात कोण कुणाला काय म्हणतंय ते आहे, एवढं जरी नीट समजलं तरी निम्मी भीती जाईल. म्हणून यावेळी उत्तरं जरा सविस्तर देतेय. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी ३८ वर्षांची, कोथरूडला राहते, शाळेत शिकवते. सहा महिने झाले केस गळतायत, सारखी थकते, वजन ७ किलो वाढलं. टीएसएच ११.२ आला, रिपोर्टवर 'हाय' लिहिलंय. पण डॉक्टर म्हणाले थायरॉइड कमी आहे. हाय असताना कमी कसं? आणि मैत्रीण म्हणते गोळी एकदा सुरू केली की सवय लागते, मग जन्मभर सुटत नाही. घेऊ की नको?

ताई, हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त वेळा हाच आलाय, म्हणून पहिला घेतला.

मुळात टीएसएच हे थायरॉइडचं हॉर्मोन नाहीच. ते येतं पिट्युटरीतून, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पीयूष ग्रंथी. ती वाटाण्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, मेंदूच्या तळाशी हाडाच्या एका खोबणीत बसलेली असते. थायरॉइड खाली गळ्यात, फुलपाखराच्या आकाराची. आता जुन्या वाड्यातली आजी डोळ्यासमोर आणा. माजघरातून हाक मारते, "अगं ए, पाणी आण." पोरीने ओ दिली, पाणी आणलं, की आजी गप्प. ओ आली नाही की दुसरी हाक जरा मोठ्याने, तिसरी त्याहून मोठ्याने, शेवटी शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाईल अशी. टीएसएच म्हणजे ती हाक. थायरॉइड जे टी फोर आणि टी थ्री रक्तात सोडते ती ओ. तुमच्या रिपोर्टवर 'हाय' आहे ती हाक, आणि डॉक्टर जे कमी म्हणाले ती ओ. दोघंही बरोबर आहेत.

याच्या उलटही होतं. थायरॉइड जास्त काम करायला लागली की पिट्युटरी हाक मारणंच बंद करते आणि टीएसएच शून्याला टेकतो. एक काका माझ्याकडे ०.०१ चा रिपोर्ट घेऊन आले होते, कमी आलाय म्हणजे चांगलाच असणार असं समजून चार महिने घरी ठेवलेला, आणि हात थरथरत होते, नाडी १२० ला. म्हणून सांगते, या टेस्टमध्ये कमी म्हणजे छान असं धरून चालू नका.

आणखी एक, ही हाक फार हळवी असते. टी फोर जरासा उतरला तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतो. त्यामुळे काही जणांना टी फोर अगदी नॉर्मल आणि टीएसएच सहा-सात असं दिसतं, तेव्हा आम्ही लगेच गोळी देतोच असं नाही, दोन-तीन महिन्यांनी परत बघतो, बऱ्याचदा आपोआप खाली आलेला असतो. गरोदर बाई असेल किंवा दिवस राहायची वाट बघत असेल तर मात्र थांबत नाही. तुमचं ११ च्या वर आहे आणि त्रासही आहे, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते मला पटतं.

आता सवयीचं. सवय लागते ती बाहेरच्या वस्तूची. या गोळीत थायरॉक्सिन असतं, तुमची ग्रंथी बनवते तेच, एका अणूचाही फरक नाही. बायकांमध्ये थायरॉइड कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे हाशिमोतो, जपानच्या हाकारू हाशिमोतो या डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती हळूहळू ग्रंथी पोखरते. जेवढी ग्रंथी गेली तेवढं बाहेरून भरावं लागतं, ती परत उगवत नाही म्हणून गोळी बहुतेक वेळा कायमची असते. चष्म्याला कुणी सवय म्हणत नाही ना. (बाळंतपणानंतर होणारा एक प्रकार मात्र वर्षभरात बऱ्याच जणींचा बरा होतो, तिथे गोळी सुटूही शकते.)

घ्यायची कशी हे नीट वाचा कारण निम्मे लोक इथेच चुकतात. सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. चहाबरोबर नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हीत चार तासांचं अंतर, नाहीतर ते थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात. हे औषध अंगात सावकाश जमतं आणि सावकाश उतरतं, निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट करायची, पंधरा दिवसांत करून काही कळत नाही. आणि केस गळतायत म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या आधी दोन दिवस तरी बंद ठेवा, काही लॅबच्या पद्धतीत बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, हे लॅबमध्ये कुणी विचारत नाही.

वजनाचं खरं सांगू का, सातच्या सात किलो थायरॉइडचे नसतात. दोन-चार किलो त्याचे, त्यातही बरंचसं साठलेलं पाणी आणि मीठ. गोळीने ते उतरेल, बाकीच्यासाठी चालायला लागेल. आणि पुढे कधी दिवस राहिले तर कळल्याच्या त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा, तेव्हा डोस वाढवावा लागतो, कारण सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं.

प्रश्न : आमच्याकडे सासूबाईंनी घरातलं सगळं मीठ बदलून गुलाबी सैंधव आणलंय, म्हणतात पांढरं मीठ विष आहे. मला पाचवा महिना आहे. चालेल ना? (धनकवडी)

नाही चालणार, आणि हे सासूबाईंना माझ्या नावाने वाचून दाखवा. त्यांचा हेतू चांगलाच आहे, घरातल्यांना बरं अन्न मिळावं असंच त्यांना वाटतंय, पण सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं. आपलं खडे मीठ समुद्राचं असलं तरी त्यातही फार थोडं असतं. थायरॉक्सिन बनतं ते आयोडीनपासूनच, कच्चा मालच नसेल तर पिट्युटरीने कितीही हाका मारल्या तरी थायरॉइड ओ देणार कशी, मग ती बिचारी हाका ऐकून ऐकून नुसती फुगते, त्यालाच गलगंड म्हणतात. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, तुम्हाला आत्ता २५० च्या आसपास. बाळाचा मेंदू तयार होतोय, तिथे तूट पडली तर नंतर भरून काढता येत नाही.

आपल्या देशात हे कळलं कसं तेही सांगते. हिमाचलच्या कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनवालं मीठ दिलं, काही भागात साधं, आणि वर्षानुवर्षं माणसांच्या माना तपासल्या. आयोडीनवाल्या भागात गलगंड भराभर कमी झाला. १९६२ साली सरकारने देशपातळीवर कार्यक्रमच सुरू केला. आपल्या किराणा दुकानातल्या पुडीवर जो हसऱ्या सूर्याचा शिक्का असतो ना, त्याच्यामागे हे सगळं आहे.

मीठ प्रमाणातच खायचं, दिवसाला सगळं मिळून एक चमचा, पण जेवढं खाल तेवढं आयोडीनचं. बरणीला झाकण घट्ट, आणि शेगडीच्या अगदी शेजारी ठेवू नका. उपासाच्या दिवशी सैंधव चालेल. रोज नको.

प्रश्न : वय ६२, हडपसर. मी पहिल्यापासून बारीक, वजन ५८ किलो, तरी दोन वर्षांपूर्वी डायबेटिस निघाला. रात्री झोपताना शुगर १३०, मध्ये काहीही खात नाही, आणि सकाळी उठून बघतो तर १६५. घरचे म्हणतात तुम्ही रात्री चोरून गोड खाता. मी शपथेवर सांगतो खात नाही. मग ही साखर येते कुठून?

काका, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती साखर तुमच्या लिव्हरमधून येते.

आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागतेच, त्यामुळे लिव्हर रात्रभर आपल्या साठ्यातून थोडी थोडी सोडत राहतं. पहाटे तीन-चारनंतर अंगात कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढायला लागतात, म्हणजे शरीर उठायची तयारी करतं, जसं घरात कुणी पहाटे उठून बंब पेटवायचं. ही हॉर्मोन्स लिव्हरला सांगतात, साखर सोड, आता दिवस उजाडेल. ज्याला डायबेटिस नाही त्याच्या शरीरातही हे रोज होतं, फक्त त्याचं स्वादुपिंड लगेच थोडं जास्तीचं इन्शुलिन सोडतं आणि हिशोब बरोबर होतो. तुमचं तेवढं सोडू शकत नाही. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात, पहाटेची साखर म्हणा हवं तर.

मग करायचं काय? रात्रीचं जेवण साडेसात-आठला, त्यात भात-भाकरी बेताची, आणि जेवल्यावर वीस मिनिटं सोसायटीच्या आवारात चक्कर. सकाळचा आकडा जास्त आला म्हणून नाश्ता टाळू नका. आणि तुम्ही इन्शुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर एक-दोन रात्री तीनचा गजर लावून शुगर बघा, कारण कधीकधी मध्यरात्री साखर उतरलेली असते आणि नुसता सकाळचा आकडा बघून डोस वाढवला तर ते धोक्याचं होतं. तीनला ७० च्या खाली असेल तर लगेच थोडी साखर खा आणि डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी दाखवा. एचबीएवनसी, म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर मोजणारी टेस्ट, किती आहे तेही बघा, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्या टेस्टमध्ये गेल्या दोन-तीन महिन्यांचं चित्र दिसतं, एका सकाळचं नाही.

आता बारीक असून डायबेटिस का, याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचाच मोठा वाटा आहे आणि ते पुणेकरांना फारसं माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, अगदी एकच, २२.३. बघायला दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा सारखाच दाखवतो, आत मात्र दुपटीहून जास्त फरक.

त्याआधी १९९३ पासून त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास सुरू केला होता. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट बारीक, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे बारीक पण चरबीवालं बाळ. नाळेच्या रक्तातसुद्धा इन्शुलिन जास्त दिसलं. आणि इन्शुलिन म्हणजेही एक हाकच आहे, स्नायूंना आणि चरबीला मारलेली, की साखर आत घ्या. पोटातली चरबी जास्त असली की ती हाक कुणी मनावर घेत नाही, स्वादुपिंड आवाज चढवतं, वर्षानुवर्षं चढवतच राहतं, आणि एक दिवस त्याचाच घसा बसतो. तुमच्या बाबतीत चोरून खाल्लेले पेढे शोधण्यापेक्षा टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन ५८ असूनही चरबी आहे असं समजा. आणि स्नायू वाढवा, खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठा-बसा, रोज. घरच्यांना हे उत्तर जरूर दाखवा.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. उंची वाढवायची पावडर सुरू करू का? (पिंपळे सौदागर)

पावडरने उंची वाढत नाही, पैसे वाचवा. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी शोधा, शाळेच्या प्रगतिपुस्तकात मिळतील. वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढत असेल आणि तुम्ही नवरा-बायकोही फार उंच नसाल तर बहुतेक तो उशिरा वयात येणारा आहे, त्याच्या बाबांना विचारा, ते कॉलेजात जाऊन उंच झाले असतील. वर्षाला चारपेक्षा कमी वाढत असेल तर मुलांच्या हॉर्मोन तज्ज्ञांना दाखवा, आणि लवकर, कारण वयात येताना हाडांची टोकं जुळतात, मग काहीच करता येत नाही. ते डाव्या हाताचा एक्स-रे काढतील, थायरॉइड बघतील. ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन ज्याला खरंच कमी आहे त्यालाच. आणि मोबाईल रात्री बाहेरच्या खोलीत, कारण ग्रोथ हॉर्मोन सगळ्यात जास्त गाढ झोपेत सुटतं.

प्रश्न : मी २४ वर्षांची, सदाशिव पेठेत रूम घेऊन एमपीएससीची तयारी करतेय. दोन-अडीच महिन्यांनी पाळी येते, पिंपल्स आहेत, हनुवटीवर केस येतायत. सोनोग्राफीत पीसीओडी, ओव्हरीत खूप गाठी असं आलंय. आईला सांगितलं नाही, ती घाबरेल, लग्नाचं बघतायत. हॉर्मोनच्या गोळ्यांनी मूल होत नाही असं रूममेट म्हणाली. काय करू?

तुला 'तू' म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. आधी एक श्वास घे. त्या गाठी नाहीत. गाठ हा शब्दच चुकीचा आहे आणि त्याने किती मुलींची झोप उडालीय मी बघितलंय. ती अंडं तयार होण्याच्या बारीक पिशव्या आहेत, दर महिन्याला सगळ्यांच्याच ओव्हरीत त्या वाढायला लागतात, एक पुढे जाते, अंडं सुटतं, बाकीच्या विरतात. तुझ्याकडे त्या अर्ध्यावर थांबल्यात एवढंच. कॅन्सरची गाठ, ऑपरेशन, यातलं काही नाही.

का थांबल्या, तर वर काकांना सांगितली तीच गोष्ट इथेही आहे. बऱ्याच जणींमध्ये इन्शुलिनला शरीर नीट ओ देत नाही, मग इन्शुलिन वाढतं, आणि ती चढलेली हाक ओव्हरीला मात्र स्पष्ट ऐकू जाते. ओव्हरी त्या नादात टेस्टोस्टेरॉनसारखी हॉर्मोन्स जास्त बनवते. ती सगळ्याच बायकांच्या अंगात थोडी असतातच, पण वाढली की पिंपल्स, हनुवटीवर केस आणि अंडं न सुटणं. वजन जास्त नसलेल्या मुलींनाही होतं, त्यामुळे तुझ्या खाण्याचाच दोष आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण पेठेतलं तुमचं आयुष्य मला माहितीये. रात्री दोनपर्यंत अभ्यासिका, सकाळी चहा-क्रीमरोल, दुपारी मेसमध्ये चार पोळ्या आणि भात, डाळ पातळ, दिवसभर खुर्ची. हे बदलता येतं आणि त्याचा खरंच उपयोग होतो, वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के जरी उतरलं तरी पाळी बऱ्याचदा रुळावर येते. मेसच्या ताटात रोज दोन अंडी किंवा मोड आलेली मटकी वाढव, भात निम्मा, रोज पाऊण तास भराभर चाल, सारसबागेला तीन चकरा मारल्यास तरी चालेल. झोप सात तास, परीक्षेच्या महिन्यातसुद्धा.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन टीएसएच, प्रोलॅक्टिन (बाळंतिणीला दूध आणणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) आणि शुगर करून घे, कारण पाळी लांबायला थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही कारण असू शकतं आणि नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारायचा नसतो. पाळी तीन महिन्यांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, गर्भाशयाचं अस्तर आत नुसतं जाड होत राहतं आणि ते पुढे त्रासाचं ठरू शकतं. गोळ्या दिल्या तर त्यासाठीच. त्यांनी मूल होणं बंद होत नाही, गोळी थांबवली की परिणाम जातो. आणि पीसीओडी असलेल्या बहुतेक मुली आई होतात, काहींना औषधाची मदत लागते. आईला सांग. तिलाही हे उत्तर वाचायला दे, आणि लग्नाच्या गोष्टीत हा विषय लपवण्यासारखा नाही आणि जाहीर करण्यासारखाही नाही, शुगर-बीपीसारखी तब्येतीची एक बाब आहे.

प्रश्न : आईचं वय ६६, बिबवेवाडी. गुडघेदुखीसाठी दोन वर्षं एकाकडून पांढऱ्या पुड्या आणायचो, खूप आराम होता. चेहरा गोल झाला, शुगर निघाली म्हणून पंधरा दिवसांपूर्वी एकदम बंद केल्या. आता ती उठून उभी राहिली की चक्कर येते, उलट्या होतात, जेवण जात नाही. कशामुळे असेल?

या पत्राचं उत्तर मी छापायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करून दिलं, ते आईला लगेच घेऊन गेले आणि सलाइन आणि इंजेक्शनवर दोन दिवसांत त्या बऱ्या झाल्या. पण हे सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे देतेय.

किडनीच्या वर टोपीसारख्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात, प्रत्येकी चार-पाच ग्रॅमच्या. त्या कॉर्टिसॉल बनवतात, ज्याच्याशिवाय बीपी टिकत नाही, आजारपण सोसत नाही. पिट्युटरी त्यांना एसीटीएच नावाची हाक मारते. आता अशा पुडीतून बाहेरून रोज स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, येत असेल तर पिट्युटरीला वाटतं कॉर्टिसॉल भरपूर आहे, हाक कशाला मारू? महिनोन् महिने हाक नाही, म्हणून अ‍ॅड्रिनल आकसून झोपी जातात. मग पुडी एकदम बंद केली, बाहेरचं संपलं आणि आतलं उठायला तयार नाही. अंगात कॉर्टिसॉलच नाही. हा जिवावरचा प्रसंग असतो, वय झालेल्या माणसात तर तासांचा खेळ.

नाव, लेबल काही नसलेल्या पुडीने गुडघे दोन दिवसांत जादूसारखे थांबले तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यायलाच हवी. प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे अशाच एक आजी आल्या होत्या, पुड्यांचं कुणी सांगितलंच नाही आणि मीही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी त्या बेशुद्ध झाल्या. वाचल्या, पण तेव्हापासून "आणखी काय घेता, पुडी, काढा, चूर्ण?" हे मी प्रत्येकाला विचारते. पुडी घरात असेल तर हॉस्पिटलला जाताना सोबत न्या, लपवू नका, कुणी रागावणार नाही.

आणि दमा, संधिवात, किडनीचा आजार यासाठी ज्यांना डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलंय त्यांनी हे वाचून घाबरून गोळी बंद करू नका, हात जोडून सांगते. ते औषध अनेकांचा जीव वाचवतं. फक्त ते उतरवायचं असतं पायरी पायरीने, म्हणजे पिट्युटरीला परत हाक मारायला आणि अ‍ॅड्रिनलला परत ओ द्यायला वेळ मिळतो, कधी आठवडे, कधी वर्षसुद्धा.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या सरांनी सांगितलं की पिट्युटरी ही मास्टर ग्लँड आहे, ती सगळ्यांना ऑर्डर देते. मग पिट्युटरीला कोण ऑर्डर देतं? सर म्हणाले पुढच्या वर्षी कळेल. (वारजे)

पुढच्या वर्षीपर्यंत कशाला थांबायचं, आत्ताच सांगते. इतका छान प्रश्न यावेळी दुसरा आला नाही.

पिट्युटरीच्या बरोब्बर वर मेंदूचाच एक छोटा भाग आहे, हायपोथॅलॅमस. तो तिला सांगतो. पण हे सिद्ध करायला दोन शास्त्रज्ञांना किती वर्षं लागली माहितीये? अमेरिकेत रॉजर गिलेमिन लाखो मेंढ्यांचे मेंदू गोळा करत होते आणि अँड्र्यू शॅली लाखो डुकरांचे, कारण हायपोथॅलॅमस जे हॉर्मोन सोडतो ते इतकं इवलंसं असतं की एक मिलिग्रॅम मिळवायलाही ढीगभर मेंदू लागायचे. दोघं एकमेकांशी चुरशीने लढत होते, आणि १९६९ मध्ये टीआरएच नावाचं पहिलं हॉर्मोन दोघांनाही सापडलं, फक्त तीन अमिनो आम्लांचं. १९७७ चं नोबेल दोघांना मिळालं, त्यांच्याबरोबर रोझलिन यालो यांनाही, ज्यांनी रक्तातलं इतकं कमी हॉर्मोन मोजायची पद्धत शोधली होती. आज तुझ्या आईचा थायरॉइडचा रिपोर्ट एका दिवसात येतो त्याची सुरुवात तिथून झाली.

तू आता विचारशील, हायपोथॅलॅमसला कोण सांगतं? तर रक्त सांगतं. थायरॉइडने सोडलेलं टी फोर रक्तातून फिरत वर जाऊन हायपोथॅलॅमसलाच सांगतं की आता पुरे. डोळ्यांतून आलेला उजेड सांगतो, भूक सांगते, भीती सांगते, अंगातलं पाणी कमी झालं तर तेही सांगतं. म्हणजे शेवटी खालचाच वरच्याला सांगतो. त्यामुळे मास्टर कोण हे मलाही ठरवता येत नाही, आणि सरांना हे नक्की सांग, ते खूश होतील.

'हॉर्मोन' हा शब्द किती जुना आहे बघ. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या लहान आतड्याच्या नसा पूर्ण कापल्या, आत आम्ल टाकलं, आणि तरी स्वादुपिंडातून रस आला. नस नसताना निरोप पोचला कसा? रक्तातून. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा निरोपाला हॉर्मोन म्हणायला सुरुवात केली, ग्रीक भाषेत 'चेतवणे' असा त्याचा अर्थ.

तुला घरी करता येईल असा एक प्रयोग देते. रविवारी सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीचा रंग बघ, गडद पिवळा असेल, कारण रात्रभर पाणी प्यायलेलं नसतं आणि पिट्युटरी एडीएच सोडून किडनीला सांगत असते की पाणी जाऊ देऊ नको. मग दोन-तीन ग्लास पाणी पी आणि दर वीस मिनिटांनी वेळ आणि रंग वहीत लिही. कितव्या मिनिटाला रंग पाण्यासारखा झाला ते मला कळव, पुढच्या अंकात छापू.